आरशाच्या हुकावरचा बिल्ला

हॉलमध्ये घालायच्या बॉयलर सूटला खिसे चालत नसत. सूट शिवून यायचे तेव्हा खिसे असायचे, पण पहिल्याच दिवशी शिंप्याकडून त्यांची तोंडं बंद करून घ्यावी लागत. निवृत्तीनंतर बायकोने ते जुने सूट पिशव्यांसाठी कापायला घेतले आणि म्हणाली, इतके खिसे आणि एकातही हात जात नाही. त्या बंद खिशांपायी एका माणसाची नोकरी आणि नाव गेलं, असं मी बरीच वर्षं मनाशी म्हणत आलो. ती पळवाट होती. खिशांपायी नाही, माझ्यापायी गेलं. ते आता नीट लिहून ठेवतो.

हॉल समुद्राकाठी होता. कुठल्या गावी, ते लिहीत नाही. जळगावात घरच्या ओट्यावर बसून लिहितो आहे, विचारायला कोणी येणार नाही, तरी हात पुढे सरकत नाही. नौदलाच्या पाणबुड्या तिथे छपराखाली बांधल्या जात. जहाज उघड्यावर बांधलं तर चालतं. पाणबुडीचं तसं नाही, तिच्या पोटातली मांडणी आभाळातूनसुद्धा कोणाला दिसता कामा नये. म्हणून आमच्या चोपड्याच्या कापसाच्या चार जिनिंग गिरण्या एकावर एक रचाव्यात एवढा उंच हॉल, आणि त्याला एकही खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते जेवणाच्या सुट्टीत कळायचं. आत पोलादाची मोठमोठी कडी रुळांवर उभी असत, बांधीव विहीर आडवी पाडावी तशी. एकेक कडं दुसऱ्याला जोडत गेलं की पाणबुडीचं पोट तयार होई. वर क्रेन फिरे आणि तिची घंटा वाजली की सगळे मान वर करत.

त्या हॉलमध्ये संशय हा कामाचाच भाग होता. वेल्डिंगला काळी काच लागते तसा तो लागायचा. नवा माणूस आला की तो काय विचारतो याकडे लक्ष ठेवा, कोणी नकाशापाशी जास्त वेळ उभा राहिला तर लक्षात ठेवा, असं आम्हाला सांगितलेलं असे. मी वेल्डिंगचा तपासनीस होतो. चूक शोधण्याचाच पगार घ्यायचो. सांध्यावर विश्वास ठेवायचा नाही हे मला शिकवलं होतं, आणि हळूहळू माणसांबाबतही ते अंगात भिनलं.

विश्वास होता तो एका मिस्तरीवर. तो वेल्डर, मुसलमान, मूळचा पिंपळनेरचा. त्याचा बाप बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा. त्या एवढ्या हॉलमध्ये खानदेशातले आम्ही दोघंच. तो मला भाऊ म्हणे, मी त्याला मिस्तरी. आम्ही आपल्या बोलीत बोलू लागलो की बाकीचे कान टवकारायचे. एका फोरमनने तर विचारलं होतं, ही कुठली भाषा, मराठी तर नाही, गुजरातीही नाही. मिस्तरीने त्याला गंभीर चेहऱ्याने सांगितलं की ही पाण्याखाली बोलायची भाषा आहे. तेव्हा सगळे हसले होते. नंतर तेही कागदावर आलं.

मिस्तरीचं काम मी कितीही संशयाने तपासलं तरी हाती काही लागत नसे. ते पोलाद साधं नव्हतं. वेल्डिंगच्या आधी ते तापवावं लागे आणि नंतर जाड ब्लँकेटखाली सावकाश निवू द्यावं लागे, नाहीतर आतून तडा जाई आणि तो वरून दिसतही नसे. पाळी संपली की बाकीचे वेल्डर घरी जात, ब्लँकेटची जबाबदारी पुढच्या पाळीची. मिस्तरी थांबायचा. ब्लँकेटवर हाताची मागची बाजू धरून अंदाज घ्यायचा, तव्यावरच्या भाकरीचा घ्यावा तसा. त्याचा ओव्हरटाइम कोणी दिला नाही आणि त्याने मागितला नाही. सांध्याची मागची बाजूही तो पुढच्याइतकीच साफ ठेवी. तिथे कोणाची नजर जात नाही असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाला, “म्होरली बाजू सायेबकरता, मांगली पानीकरता.”

ही मागची बाजू बघायला आरसा लागायचा. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांडीचा, पण रुपयापेक्षा मोठा, दांडी घडी होणारी, तिच्यावर नंबर कोरलेला. हत्यारांच्या खोलीत भिंतभर फळी होती, फळीवर हूक आणि प्रत्येक हुकाला एक हत्यार. हत्यार काढलं की त्या हुकावर आपला पितळी बिल्ला टांगायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. पाणबुडीच्या पोटात एक पाना जरी राहिला तर समुद्रात तो खडखडतो, आणि पाणबुडी आवाजानेच पकडली जाते. त्यामुळे पाळी संपताना फळीवर एकही बिल्ला उरता कामा नये, हा तिथला पहिला नियम. तसं दिसलं की मिस्तरी आमच्या बोलीत म्हणे, “बठ्ठं शे,” सगळं आहे.

दुसरा नियम जोडीचा. पाणबुडीच्या पोटातल्या टाकीत उतरताना आणि बाहेर येताना जोडीदाराने जोडीदाराला चाचपायचं. कॉलर, बाह्या, कंबर, बूट, सगळं. माझी जोडी मिस्तरीशी होती. सुरुवातीला आम्ही नियमाने चाचपत होतो. मग आम्हाला ते लाजिरवाणं वाटू लागलं. ज्या माणसाच्या डब्यातली ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी आपण मोडून खातो, त्याच्या कमरेला हात लावून चोर शोधायचा? मग तो माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचा, मी त्याच्या, आणि आम्ही ‘झालं’ म्हणायचो. हॉलमधली दुसरी कुठलीही जोडी असं करत नसे. आम्ही करत होतो, कारण आम्ही एका मुलखाचे होतो.

आणखी एक गोष्ट फक्त आमचीच होती. टाकीत दिवसभर गुडघ्यांवर काम. कंपनीच्या रबरी गाद्या दगडासारख्या कडक. माझी बायको तेव्हा चोपड्याजवळ गावी असायची, तिने आमच्या शेतातल्या कापसाच्या गुडघ्याच्या गाद्या शिवून दिल्या, एक जोड मला आणि एक मिस्तरीला, तो तिला अक्का म्हणे. कापूस आत न्यायला बंदी होती. ठिणगी पडली तर पेटतो आणि त्याचे तंतू उडतात. म्हणून तिने सुटाच्याच जुन्या कापडाचं आवरण घातलं होतं, दुरून ओळखू येऊ नये असं. पाळी संपली की आम्ही गाद्या गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकायचो. फाटकावरचं धातू शोधणारं यंत्र स्टीलच्या डब्यामुळे रोजच वाजायचं, त्याचं कोणाला काही वाटत नसे.

ज्या दिवशी आरसा गेला, त्या दिवशी तो मिस्तरीच्या बिल्ल्यावर निघाला होता. टाकीत एका आडव्या पोलादी फासळीमागचा सांधा बघायला मी तो त्याच्याकडून घेतला. बघून झाल्यावर हात मोकळे हवेत म्हणून दांडी घडी केली आणि गुडघ्याच्या गादीच्या पट्ट्यात खोचली. खिसा नसलेला माणूस दुसरं काय करणार. मग मी दुसऱ्या सांध्याकडे सरकलो. बाहेर येताना आम्ही एकमेकांच्या खांद्याला बोटं टेकवली.

पाळी संपली तेव्हा फळीवर एक बिल्ला उरला.

दुसऱ्या दिवशी ती टाकी कायमची बंद व्हायची होती. काम थांबलं. दोन दिवस टाकी उलथीपालथी केली, बसवलेले पाइप काढले, फटीफटीत दिवे घातले. मिस्तरी म्हणाला, आरसा मी भाऊला दिला होता, परत घेतला की नाही आठवत नाही, बहुतेक घेतला. मला विचारलं. मी म्हणालो की माझ्याकडे आरसा आलाच नव्हता.

ती पहिली खोटी गोष्ट. तेव्हा मला खरंच वाटत होतं की मी आरसा परत दिला. पण ‘घेतला होता आणि परत दिला’ म्हणायचं म्हणजे मग प्रश्न येणार, कुठे ठेवला होता, हात मोकळे कसे, गुडघ्याला काय बांधलं होतं. ‘आलाच नव्हता’ म्हटलं की प्रश्न संपतात. मिस्तरीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याने गाद्यांचा विषय काढला नाही.

मग प्रकरण सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेलं, आणि निष्काळजीपणाचं काहीतरी वेगळंच झालं. फासळीमागचं बघायचा आरसा एखादा माणूस बाहेर का नेईल, असा प्रश्न निघाला. मिस्तरीचा मेहुणा आखातात नोकरीला होता. पत्रं कोण लिहितं, खोलीवर कोण येतं, ती पाण्याखालची भाषा कुठली, सगळं विचारून झालं. भाषा माझीही तीच होती. मला तो प्रश्न कोणी विचारला नाही, आणि का विचारला नाही हे मला तेव्हाच समजत होतं.

अधिकाऱ्याने माझ्यापुढे कागद ठेवला. जोडीदार म्हणून तुम्हाला काही वावगं दिसलं का, अगदी किरकोळ असलं तरी लिहा. मी कागद कोरा द्यायला हवा होता. पण कोरा कागद दिला तर हा माणूस माझ्यावरही संशय घेईल, असं मला वाटलं. म्हणून मी एक ओळ लिहिली: ‘सदर कर्मचारी पाळी संपल्यावर बऱ्याचदा हॉलमध्ये रेंगाळतो.’

ओळ खोटी नव्हती. ब्लँकेटबद्दल मी त्यात लिहिलं नाही, एवढंच.

आठ-दहा दिवसांनी मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलो. चौकशी सुरू झाल्यापासून गाद्या हॉलमध्ये नेल्या नव्हत्या. एकीची पट्ट्याजवळची शिवण उसवली होती म्हणून बायकोकडे दिली. ती ओट्यावर बसून आतला कापूस पिंजू लागली, घरात पुरणाचा वास, अंगणात झोका बांधलेला, माहेरवाशिणींची गाणी चाललेली. तिने मला हाक मारली. तिच्या तळहातावर आरसा होता, दांडीला कापूस चिकटलेला.

“हाई कोनं शे?” तिने विचारलं.

मी सांगितलं. काही न लपवता सांगितलं, त्या ओळीसकट. तिने आरसा पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

“परत दी या,” ती म्हणाली. “तो मानूस आपला शे.”

मी आरसा घेऊन परत गेलो, हे खरं आहे. अधिकाऱ्याच्या खोलीबाहेर उभा राहिलो, हेही खरं आहे. दार उघडलं, तो बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की तुमच्या त्या एका ओळीचा फार उपयोग झाला, तुमच्यासारखे चार लोक हवेत. मिस्तरीचा पास आदल्या दिवशीच काढून घेतला होता. त्याला हॉलमधून काढून बाहेरच्या भंगार-यार्डात टाकलं होतं. खोलीत जायच्या ऐवजी मी पाणी प्यायला गेलो. आरसा पुढच्या सुट्टीत पुन्हा घरी आला.

मिस्तरी यार्डात वर्षभर राहिला असेल. मग राजीनामा देऊन गेला. जायच्या दिवशी तो मला भेटला नाही, आणि मीही त्याला शोधलं नाही. त्याचा बिल्ला मात्र आरशाच्या हुकावर तसाच राहिला. हत्यार आल्याशिवाय बिल्ला निघत नाही, हा नियम. नवा आरसा आला त्याला नवा हूक ठोकला. निवृत्तीच्या एक वर्ष आधी फळी जाऊन कॉम्प्युटर आला, तोवर रोज सकाळी आणि संध्याकाळी मी तो बिल्ला बघत होतो.

बायकोने पुन्हा गाद्या शिवून दिल्या नाहीत. मी मागितल्याही नाहीत. रबरी गाद्यांनी माझे गुडघे गेले ते गेलेच.

जळगावात घर बांधलं तेव्हा आरसा मी माळ्यावर, जुन्या पत्र्याच्या पेटीमागे ठेवला. मला बायकोचाही संशय यायचा. ती कोणाला सांगेल, मुलीच्या सासरी बोलेल, असं वाटायचं. म्हणून मी दांडीवर एक दोरा आडवा ठेवत असे. कधी वर चढून पाहिलं की दोरा सरकलेला दिसे. मी उंदरांना दोष दिला. जळगावात महिनाभर न वापरलेल्या ताटलीवर बोटाने नाव लिहिता येतं. इतक्या वर्षांत त्या आरशावर धूळ बसली नाही, हे माझ्यासारख्या तपासनिसाच्या लक्षात यायला हवं होतं. ती दर दिवाळीला तो पुसून ठेवत होती.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याला नात्यातलं लग्न होतं. मंगल कार्यालयाचं लोखंडी फाटक नवं होतं. जेवण झाल्यावर मी सवयीने सांध्यावर बोट फिरवलं. वरची बाजू चांगली होती, ती बऱ्याच जणांची असते. मग बोट मागे घातलं. मागची बाजूही तशीच होती, माशाच्या खवल्यांसारखी, एकाला एक लागून. भिंतीला चिकटणारी बाजू, जिथे कोणी कधी बघणार नाही. वॉचमनला विचारलं की हे फाटक कोणी केलं. त्याने एका वर्कशॉपचा पत्ता सांगितला आणि म्हणाला, बापलेक आहेत, बाप म्हातारा आहे पण तोच चांगला करतो.

मी त्या दिवशी गेलो नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने माळ्याकडे बोट केलं.

आठवडाभराने धुळ्याची एसटी धरली. आरसा सदऱ्याच्या खिशात. पारोळ्यापर्यंत मी तीन वेळा खिसा चाचपला आणि प्रत्येक वेळी शेजारच्या माणसाने स्वतःचा खिसा चाचपला.

वर्कशॉप पत्र्याच्या शेडमध्ये होतं. पहिली नजर माझी भिंतीवर गेली. भिंतीवर फळी, फळीवर हूक, प्रत्येक हुकाला हत्यार. काही हुकांवर पत्र्याचे कापलेले बिल्ले. मिस्तरी एका ग्रिलसमोर बसला होता, दाढी पांढरी, चष्मा जाड. त्याने मला लगेच ओळखलं. उठला नाही. मुलाने खुर्ची दिली. मुलगा अडतीस-चाळीसचा असेल, मिस्तरी हॉलमधून गेला तेव्हा दहा वर्षांचा होता.

मिस्तरी हात धुवायला बाहेर गेला. तेवढ्यात मुलाची नजर फळीवरून फिरली, डावीकडून उजवीकडे, ओठ हलत होते. मी आयुष्यभर हेच काम केलं आहे, त्यामुळे मला विचारावं लागलं नाही. तो बापाच्या पाठीमागे हत्यारं मोजत होता. बाप नळापाशी जरुरीपेक्षा जास्त वेळ हात धूत राहिला आणि मोजणी संपल्यावरच आत आला.

मी काही बोलायच्या आधी तो माझ्यासमोर उभा राहिला.

“भाऊ, कोनी धाडं तुमले?”

कोणी नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही. नोकरी सोडल्यावर पाच-सहा वर्षं त्याच्याकडे पोलीस यायचे, कुठे काही घडलं की चौकशीला, हे त्याने नंतर सांगितलं. चांगल्या कपड्यातला, गोड बोलणारा माणूस दर वेळी आधी यायचा. मीही तसाच, असं त्याला वाटलं. मोबाइल कुठे आहे, त्याने विचारलं. मी मोबाइल काढून ऐरणीवर ठेवला. त्याचं समाधान झालं नाही.

“खिसा दखाडा,” तो म्हणाला.

मी हात वर केले. त्याने मला चाचपलं. कॉलर, बाह्या, कंबर, सगळं नियमाने, आम्ही जसं कधीच केलं नव्हतं तसं. मुलगा बघत होता आणि त्याला हे आवडलेलं नव्हतं, म्हाताऱ्या माणसाची अशी झडती. मग मिस्तरीचा हात सदऱ्याच्या खिशात गेला आणि तिथेच थांबला. त्याने तो बाहेर काढला नाही. दांडीवरच्या नंबरावरून त्याचं बोट फिरत असल्याचं मला कापडातून जाणवत होतं.

“अक्काले म्हाईत व्हतं?” त्याने हळू विचारलं.

मी हो म्हणालो. तिनेच काढला, गादीतून.

तो खाली बसला. चौकशीच्या खोलीतच त्याच्या डोक्यात आलं होतं की आरसा गादीत गेला असणार, असं तो म्हणाला. बोलला नाही, कारण गादी म्हणजे बंदीचा कापूस, आणि कापूस म्हणजे माझी नोकरी, आणि ती गादी अक्काने शिवलेली. त्याला वाटलं, भाऊ घरी जाऊन गादी उसवेल आणि आरसा घेऊन येईल. म्हणून तो भंगार-यार्डात थांबला. “दोन आखाजी वाट देखी मी,” तो म्हणाला. माझ्यावर रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

त्या ओळीबद्दल त्याला माहीत नव्हतं. ती मी सांगितली. रेंगाळतो हा शब्दही सांगितला. त्यावर त्याने समोरच्या ग्रिलच्या सांध्याला हाताची मागची बाजू लावून पाहिली.

मग मी पिशवीतून कागद काढले. चार पानं लिहून नेली होती, सहीसकट, सुरक्षा अधिकाऱ्याच्या कचेरीला पाठवायची. त्याने ती हातातही घेतली नाही. कागद गेला की फाइल उघडेल, फाइल उघडली की पुन्हा कोणीतरी दारात येईल, त्याच्या आणि मुलाच्याही. तुमचं मन हलकं होईल आणि माझ्या दारात जीप येईल, असं तो म्हणाला. मी आणलेल्या त्या चार पानांत हा विचारच नव्हता. अठ्ठावीस वर्षांनीही मी माझ्यासाठीच लिहिलं होतं.

“कचेरीले नका सांगू. माले बी नका सांगू, माले म्हाईत शे,” तो म्हणाला आणि मुलाकडे बोट केलं. “याले सांगा.”

मी सांगितलं. मुलगा उभाच होता. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, खांद्यावर टेकवलेली बोटं, ‘आलाच नव्हता’, ती ओळ, पाणी प्यायला गेलो ते. आरसा त्याच्या हातात दिला. त्याने नंबर वाचला, आरशात पाहिलं, पुन्हा नंबर वाचला. मला वाटत होतं तो आता शिव्या देईल किंवा रडेल. त्याने विचारलं, आज आणलाय म्हणजे बदल्यात काही सही वगैरे पाहिजे का तुम्हाला? संशय त्याच्या घरात माझ्यामुळेच शिरलेला, त्यामुळे मी नुसतं नाही म्हणालो.

“शाळेत मला पोरं चोराचा पोरगा म्हणायची,” मुलगा म्हणाला. “मी मारामारी करायचो. घरी येऊन अब्बांना विचारलं, तर म्हणायचे, वस्तू माझ्या बिल्ल्यावर होती. एवढंच. नेली नाही असं कधी म्हणालेच नाहीत. मग मी काय समजायचं?”

मिस्तरी ग्रिलकडे तोंड करून बसला होता. तो तसं कधी म्हणाला नव्हता, कारण वस्तू त्याच्या बिल्ल्यावर होती, आणि पुढचं सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

मी निघायला उठलो. चहा कोणी विचारला नव्हता. दारापर्यंत गेलो तेव्हा मुलाने हाक मारली.

“आबा, थांबा. तुम्ही जायच्या आधी हत्यारं मोजून घेतो.”

मी वळून उभा राहिलो. तो फळीसमोर गेला आणि मोठ्याने मोजू लागला. हातोडी, पकड, गुण्या, कटर. प्रत्येक हत्याराला बोट लावून, मध्येच माझ्याकडे बघून. तिथे ऊन पडलं होतं आणि माझे गुडघे दुखत होते, तरी मी हललो नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मोजणी योग्य माणसासमोर चालली होती.

तो अर्ध्यावर असताना मिस्तरी उठला. मुलाने आरसा ऐरणीवर ठेवला होता. मिस्तरीने तो उचलला, फळीच्या टोकाला एक रिकामा खिळा होता तिथे टांगला. जरा वेळ पाहिलं. मग आरसा पुन्हा काढला, आपला पत्र्याचा बिल्ला त्या खिळ्यावर अडकवला आणि आरसा घेऊन ग्रिलपाशी बसला. दांडी उघडली, आरसा सांध्याच्या मागे धरला आणि मान वाकडी करून बघू लागला.

मुलगा मोजत मोजत त्या खिळ्यापाशी आला. बिल्ल्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

“आरसा, अब्बांकडे,” तो म्हणाला आणि मोजणी पुरी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “बठ्ठं शे. जा तुम्ही.”